काचेआडचा पास्ता

१० डिसेंबर २०२५ रोजी दिल्लीच्या लाल किल्ल्यात भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत इटालियन पाकसंस्कृतीची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाली. त्याच बैठकीत, त्याच दिवशी, आपल्या दिवाळीचीही नोंद झाली. त्यामुळे आपल्याकडे पहिली बातमी दुसरीच्या रोषणाईत फारशी कोणाला दिसली नाही. इटलीत मात्र या नोंदीने आधीच तापलेल्या एका वादात तेल ओतले. रोमच्या मध्यवस्तीत, पँथिऑन आणि नवोना चौक यांच्या आसपासच्या गल्ल्यांत, गेली काही वर्षे रेस्तराँच्या दर्शनी काचेआड पास्ता करणाऱ्या बायका बसवलेल्या दिसतात. समोर लाकडी फळी, हातात हातभर लांब लाटणे आणि कोपऱ्यात रव्याची रास. बाहेर रांगेत उभे असलेले पर्यटक त्यांचे फोटो काढतात आणि नंतर आत जाऊन तोच पास्ता खातात. हा आमच्या स्वयंपाकाचा तमाशा आहे, असे एक पक्ष म्हणतो. गिऱ्हाईक जे बघायला येते ते आम्ही दाखवतो, असे दुसरा म्हणतो. युरोपची सहल करून परतलेली आपली मंडळीही या वादात हिरिरीने उतरतात आणि कोणी रोममध्ये कुठे जेवलो हे कौतुकाने सांगू लागला, की त्याला ऐकवतात, "तिथे? ते तर टुरिस्टांचे हॉटेल! मग तुम्ही इटलीत जेवलातच नाही."

हा वाद दोन्ही बाजूंनी चुकीचा घातला जातो आहे असे माझे मत आहे. पर्यटक जेवतात म्हणून पास्ता खोटा ठरत नाही आणि पर्यटक फिरकत नाहीत एवढ्यावरून तो खराही ठरत नाही. एखाद्या रेस्तराँविरुद्ध तक्रार करायची तर ती तीन प्रकारची असू शकते: जेवण वाईट आहे, गिऱ्हाइकाची फसवणूक होते, किंवा या धंद्यामुळे गावातल्या माणसाला गावात राहणे अशक्य झाले आहे. तिन्ही तक्रारींचा पुरावा वेगळा आणि उपायही वेगळा. परंतु 'अस्सल' हा एक शब्द मध्ये आला की तिन्हींची खिचडी होते. मग ज्याने पास्ता शिजवून लगदा केला तो, ज्याने बिलात लुबाडले तो आणि ज्याने गाळ्याचे भाडे तिप्पट केले तो घरमालक, असे तिघेही 'सॉसमध्ये साय घालावी की नाही' या चर्चेच्या आड सुखरूप लपून बसतात.

विरोधी बाजूचे भक्कम मुद्दे आधी मान्य केले पाहिजेत, कारण ते खरे आहेत. २०१९ मध्ये रोममध्ये दोन जपानी तरुणींना मासळी घातलेल्या स्पॅगेटीच्या दोन बशा आणि पाणी यांचे जवळपास ४३० युरोंचे बिल आले. त्यात टीपच ८० युरो होती आणि त्या बिलाचा फोटो जगभर फिरला. अवाच्या सवा बिलांमागे अनेकदा एक साधी युक्ती असते. मासळीचा भाव यादीत बशीमागे न लिहिता शंभर ग्रॅममागे लिहिलेला असतो, 'एत्तो' म्हणजे शंभर ग्रॅम हे पाहुण्याला ठाऊक नसते, आणि मासा केवढा होता हे बिल आल्यावरच कळते. दुसरे उदाहरण दक्षिणेतल्या बारी शहराचे. तिथल्या जुन्या वस्तीत आर्को बास्सो नावाच्या गल्लीत बायका घराच्या दारात टेबल मांडून ओरेक्किएत्ते वळतात. नावाचा अर्थ 'छोटे कान', आणि आकारही तसाच, अंगठ्याच्या एका दाबाने आलेला. पर्यटक ती गल्ली बघायला मुद्दाम जातात. २०२४ मध्ये तिथे कारखान्यातल्या पास्त्याची रिकामी खोकी कचऱ्यात सापडल्याच्या बातम्या आल्या, आणि हाताने वळलेला म्हणून विकला जाणारा सगळाच माल हाताने वळलेला नसावा हा संशय उघड बोलला जाऊ लागला. तिसरा मुद्दा मला सर्वांत जड वाटतो. मध्य रोमच्या गल्लीत आज पाऊल टाकले तर ओळीने रेस्तराँ लागतात आणि प्रत्येकाच्या पाटीवर त्याच चार रोमन पास्त्यांची नावे असतात: कार्बोनारा, अमात्रिचाना, ग्रीचा आणि काचो ए पेपे. चांभार, सुतार, खिळेमोळे विकणारा, दूधवाला यांची दुकाने जिथे होती तिथे हे आले आहे.

स्वतःचा अनुभवही लपवत नाही. एका प्रसिद्ध चौकाच्या तोंडाशी असलेल्या, छत्र्या लावलेल्या जागेत मी पहिल्याच दुपारी जेवायला बसलो. कार्बोनारा मागवल्यापासून चार मिनिटांत पुढ्यात आला. कोरडी स्पॅगेटी शिजायला आठ-दहा मिनिटे लागतात, एवढे घरी पास्ता उकळणाऱ्या कोणालाही माहीत असते. म्हणजे ती सकाळीच अर्धी शिजवून ठेवलेली होती. काट्याला गुंडाळताना ती तुटत होती आणि अंड्याची गुठळी झाली होती. न मागवलेल्या पावाचेही पैसे बिलात लागले होते. रोमच्या लात्सिओ प्रांताने २००६ पासून 'कोपेर्तो', म्हणजे टेबलावर बसल्याचा आकार, घ्यायला बंदी केली आहे, पण पावाचे पैसे घेता येतात, आणि त्या पळवाटेतून आख्खा बैल जातो. मी चिडलो. परंतु माझी तक्रार काय होती? पास्ता जास्त शिजला होता आणि न मागितलेल्या गोष्टीचे पैसे घेतले गेले होते. तो 'अस्सल' नव्हता अशी माझी तक्रार नव्हती. घटक सगळे पोथीतल्याप्रमाणे होते: ग्वान्चाले, म्हणजे डुकराच्या गालाचे खारवलेले मांस, पेकोरीनो हे मेंढीच्या दुधाचे चीज, अंडे, मिरी. पोथीला वर्ज्य असलेली साय नव्हती. पोथी पाळूनही जेवण वाईट होते.

आता याच्या उलट उदाहरण पाहा. पर्यटकांच्या पास्त्याचा सर्वांत बदनाम नमुना म्हणजे फेत्तुचिने, म्हणजे पास्त्याच्या रुंद पट्ट्या, अल्फ्रेदो पद्धतीच्या. अमेरिकेत हा पदार्थ घराघरांत पोहोचलेला, आपल्याकडे पुण्या-मुंबईत 'व्हाइट सॉस' या नावाने मैद्याच्या पेजेसारखा वाढला जाणारा, आणि इटालियन माणसाला विचारले तर "असा पदार्थ आमच्याकडे नाही" असे ठाम उत्तर मिळणारा. मात्र हा पदार्थ रोममध्येच जन्मला. अल्फ्रेदो दी लेलिओ या रोमन माणसाने १९०८ मध्ये, आईच्या खानावळीत काम करत असताना, बाळंतपणानंतर अन्नावरची वासना उडालेल्या आपल्या बायकोसाठी फेत्तुचिनेत भरपूर लोणी आणि कोवळे पार्मिजानो, म्हणजे पार्मेझान चीज, घातले, अशी त्या कुटुंबातली हकीकत आहे. १९१४ मध्ये त्याने विया देल्ला स्क्रोफा या रस्त्यावर स्वतःचे रेस्तराँ काढले. मूकपटांच्या काळातले तारे मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स तिथे जेवले आणि १९२७ मध्ये त्यांनी त्याला सोन्याचा काटा-चमचा भेट दिला. त्यानंतर अमेरिकन पाहुण्यांची रीघ लागली ती आजवर थांबलेली नाही. १९४३ मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, अल्फ्रेदोने ती जागा आपल्याच नोकरांना विकली आणि १९५० मध्ये मुलाला घेऊन आउगुस्तो इम्पेरातोरे चौकात दुसरी काढली. आज दोन्ही चालू आहेत आणि मूळ आपणच असे दोघेही सांगतात. एकाकडे जागा आहे, दुसऱ्याकडे रक्ताचे नाते. (आपल्याकडे मिठाईवाल्यांच्या पाट्यांवर 'आमची कोठेही शाखा नाही' असे का लिहिलेले असते, याचा उलगडा मला रोममध्ये झाला.)

अल्फ्रेदोच्या या रेस्तराँंपेक्षा जास्त 'टुरिस्टांचे' रेस्तराँ शोधून सापडणार नाही. भिंतीभर नटनट्यांचे फोटो, टेबलांवर आठ देशांच्या भाषा. तिथे काय वाढले जाते? वेटर तापवलेली मोठी बशी घेऊन येतो. तळाशी लोण्याचे काप, त्यावर नुकत्याच उपसलेल्या रुंद पट्ट्या आणि वर धुळीइतके बारीक किसलेले पार्मिजानो. काटा आणि चमचा यांनी तो ते खालीवर करू लागतो. सुरुवातीला लोणी वेगळे दिसते, चीज वेगळे दिसते, आणि हे काही जमणार नाही असे वाटते. मग पट्ट्यांबरोबर आलेल्या पिठूळ पाण्यात दोन्ही एकजीव होतात, ढवळण्याचा आवाज बदलून ओला, जड होतो, आणि साईचा थेंबही नसलेल्या बशीत साय घातल्यासारखा दाट रस तयार होतो. हे सगळे पर्यटकांसमोर, टाळ्या मिळाव्यात अशा थाटात चालते, म्हणून ते नाटक आहे हे मान्य. परंतु हे मिश्रण निवण्याआधी आणि जेवणाऱ्याच्या पुढ्यातच व्हायला हवे, कारण दोन मिनिटांत ते आळते, हेही तितकेच खरे. नाटक आणि पाककृती यांची फारकत इथे कशी करायची?

शिवाय हा पदार्थ परंपरेत नाही हे म्हणणेही टिकत नाही. पंधराव्या शतकातल्या माएस्त्रो मार्तीनो या आचाऱ्याच्या संग्रहात 'रोमन पद्धतीची माकारोनी' आहे: पट्ट्या कापायच्या, उकळायच्या आणि लोणी, चीज व गोड मसाले घालून वाढायच्या. आजही इटलीत पोट बिघडलेल्या माणसाला, लहान मुलाला 'पास्ता इन बियान्को', म्हणजे पांढरा पास्ता, देतात. आपण आजाऱ्याला मऊ भात, तूप आणि मेतकूट देतो तसा. इटालियन माणूस अल्फ्रेदोला नाकारतो त्याचे खरे कारण बहुधा हे आहे की आजाऱ्याचा मऊ भात कोणी सोन्याच्या चमच्याने वाढून त्याचे पैसे घेतो हे त्याला चमत्कारिक वाटते. ही भावना मला समजते. पण ती प्रतिष्ठेची भावना आहे; तिला परंपरेचा पुरावा म्हणून पुढे करता येणार नाही.

पर्यटकांसाठी पास्ता दाखवणे ही मोबाइलच्या काळात आलेली विकृती आहे, हा समज तर इतिहासापुढे एक क्षणही उभा राहत नाही. नेपल्सचे लोक सोळाव्या शतकापर्यंत 'पालेखाऊ' म्हणून ओळखले जात, कारण त्यांचे मुख्य अन्न पालेभाजी होते. सतराव्या शतकात मांस महागले, पीठ मळण्याची आणि दाबून पास्ता पाडण्याची यंत्रे आली, आणि त्याच शहराचे लोक 'माकारोनीखाऊ' झाले. १७८७ मध्ये जर्मन कवी ग्योथे तिथे गेला तेव्हा माकारोनी जागोजाग अगदी स्वस्तात मिळते अशी नोंद त्याने केली. पुढे एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या श्रीमंत प्रवाशांचा एक ठरलेला कार्यक्रम असे: रस्त्यावरच्या गरीब माणसाला नाणे द्यायचे आणि त्याला डोके मागे टाकून, हात उंच करून, लांबलचक माकारोनी घशात सोडताना बघायचे. छायाचित्रकारांनी या दृश्याची रीतसर मांडणी करून फोटो विकले, त्यांची पोस्टकार्डे निघाली. त्या फोटोंतली माणसे पैसे घेऊन पास्ता खात होती. म्हणून ती माकारोनी खोटी होती काय? अपमानास्पद होते ते एवढेच की पोट भरायला त्यांना तमाशा व्हावे लागत होते. काचेआडच्या बाईबद्दलही विचारण्यासारखा प्रश्न तोच आहे. तिला पगार किती, बसायला खुर्ची कशी, मधली सुट्टी किती, हे विचारावे. ती लाटते तो पास्ता 'खरा' का, हा प्रश्न तिच्या काहीच उपयोगाचा नाही.

शुद्धतेचे जे नियम आज पुराणकाळापासूनचे म्हणून सांगितले जातात, त्यांचे वय किती आहे? कार्बोनारा हे नाव दुसऱ्या महायुद्धाआधीच्या इटालियन पाककृतींत सापडत नाही. १९४४ मध्ये अमेरिकन सैन्य रोममध्ये शिरले, त्याच्याबरोबर बेकन आणि अंड्याची पूड आली, आणि त्या सुमारास हा पदार्थ आकाराला आला, हे आज बरेच अभ्यासक मानतात. त्याची पहिली ज्ञात छापील कृती १९५२ ची, आणि ती शिकागोतल्या एका रेस्तराँची. इटलीत १९५४ मध्ये छापलेल्या कृतीत ग्रुयेर हे स्विस चीज आणि लसूण आहे. आज रोममध्ये कोणी तसा करून वाढला तर त्याची धिंड निघेल. बोलोन्याच्या प्रसिद्ध खिम्याच्या सॉसची कृती १९८२ मध्ये तिथल्या व्यापार मंडळात विधिपूर्वक नोंदवली गेली आणि २०२३ मध्ये तीच सुधारून पुन्हा नोंदवावी लागली. म्हणजे जी चिरंतन म्हणून कुलपात ठेवली होती, तिला एक्केचाळिसाव्या वर्षीच नवा चष्मा लागला. सायीचे म्हणाल तर १८९१ मध्ये पाककृतींचा संग्रह काढणारे आणि इटालियन घरगुती स्वयंपाकाचे जवळजवळ आद्यपुरुष मानले जाणारे पेल्लेग्रीनो आर्तूसी बोलोन्याच्या माकारोनीत शेवटी अर्धा पेला साय घालण्याची शिफारस करतात. आणि २०२५ च्या उन्हाळ्यात एका ब्रिटिश संकेतस्थळाने काचो ए पेपेच्या, म्हणजे पेकोरीनो आणि मिरी एवढ्यानेच करायच्या पास्त्याच्या, कृतीत लोणी आणि पार्मेझान लिहिले म्हणून रोमच्या हॉटेलमालकांची संघटना ब्रिटिश राजदूतापर्यंत गेली! चवीचे सोवळे नेसले की माणसे ओवळ्याच्या शोधात किती लांब जातात, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

इथे थोडे थांबून उलट टोकाच्या मंडळींनाही आवरले पाहिजे. पार्मा विद्यापीठातले इतिहासकार आल्बेर्तो ग्रांदी यांनी २०२३ मध्ये एका मुलाखतीत, इटालियन म्हणून मिरवल्या जाणाऱ्या बऱ्याच पदार्थांची परंपरा अलीकडची आहे असे सांगितले आणि देशभर गदारोळ झाला. त्यांचे बरेचसे म्हणणे मला पटते; पण त्यावरून 'सगळेच बनावट, तेव्हा काहीही चालते' असा जो निष्कर्ष काही जण काढतात तो चुकीचा आहे. नियमांचा उपयोग असतो, फक्त ते तपासता येण्याजोगे असले पाहिजेत. इटलीत १९६७ च्या कायद्याने कोरडा पास्ता ड्युरम या कठीण गव्हाच्या रव्याचाच असला पाहिजे असे ठरवले. हा नियम स्वस्त मऊ गव्हाची भेसळ थांबवतो, आणि त्यामुळे पाकिटावरच्या शब्दावर विसंबता येते. रेस्तराँने गोठवलेला माल वापरला असेल तर यादीत त्या पदार्थापुढे तारांकन करावे लागते. तो छोटा तारा 'आजीच्या हातची चव' या शब्दांपेक्षा अधिक सांगतो. गव्हाची जात प्रयोगशाळेत ओळखता येते. आजी कोणत्या प्रयोगशाळेत तपासणार?

आपल्या पाटावरही हेच आहे. चतुर्थीला सोवळ्याने रांधलेल्या साबुदाण्याच्या खिचडीतले साबुदाणा, बटाटा, दाणे आणि मिरची हे चारही जिन्नस मूळचे अमेरिका खंडातले. त्यांतले बरेच पोर्तुगीजांच्या जहाजांतून इकडे आले. म्हणून कोणाचा उपास मोडत नाही. इटलीचा टोमॅटोही त्याच खंडातून आला आणि पास्त्यावर रुळायला त्याला जवळजवळ तीनशे वर्षे लागली. मात्र आपल्यातल्या शाकाहारी प्रवाशाला एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण अस्सलपणाच्या भक्तांपैकी कोणी ती सांगत नाही: पार्मिजानो रेज्जानोच्या नियमावलीप्रमाणे ते चीज वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या विरजणानेच, करावे लागते आणि पेकोरीनो रोमानो कोकराच्या. 'काचो ए पेपे, फक्त चीज आणि मिरी, बिनधास्त खा' असे सांगणारा माणूस पदार्थाशी प्रामाणिक आणि शाकाहाऱ्याशी अप्रामाणिक असतो. कडक शाकाहारी पाहुण्याला टोमॅटो, लसूण आणि तेल यांचा साधा पास्ता करून देणारे, त्याच्या प्रश्नाला न हसता उत्तर देणारे रेस्तराँ बहुधा पर्यटकांचेच असते, कारण तो प्रश्न त्याने रोज ऐकलेला असतो.

आता 'गावकरी जेवतात तिथेच जेवावे' या सल्ल्याकडे वळू. याच्या पाठीशी एक चांगला तर्क आहे हे मान्य केले पाहिजे: गावकरी उद्या पुन्हा येणार असतो, म्हणून त्याला फसवणे परवडत नाही, पर्यटक आयुष्यात एकदाच येतो. परंतु एकदाच येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या बळावर अल्फ्रेदोचे विया देल्ला स्क्रोफावरचे स्वयंपाकघर शंभर वर्षांहून अधिक काळ चालले आहे, तेव्हा हा तर्क सर्वत्र लागू पडत नाही. शिवाय रोमन माणूस पास्ता मुख्यतः घरी खातो, आणि तोही पाकिटातला कोरडा. दुसरे असे की या सल्ल्याचा परिणाम काय होतो ते पाहा. काल खरे रोम नदीपलीकडच्या त्रास्तेवेरेत होते. आज तिथे संध्याकाळी चालायला जागा नसते. मग शोध तेस्ताच्चोकडे वळला. तिथे १९७५ पर्यंत शहराचा कत्तलखाना होता, कामगार आतडी, शेपटी असा उरलेला 'पाचवा हिस्सा' घरी नेत आणि त्यातून गरिबांचा कसदार स्वयंपाक तयार झाला. आता त्या आतड्याच्या रिगातोनीसाठीही आधी टेबल राखून ठेवावे लागते. अस्सल जागेचा शोध घेणारा प्रवासी गर्दीला तुच्छ लेखतो आणि स्वतःच गर्दीची पहिली तुकडी बनतो. काचेआड पास्ता लाटणारे, सगळ्यांना माहीत असलेले, रांग लागलेले रेस्तराँ निदान जिथे वस्ती आधीच उठली आहे तिथेच लोकांना थोपवून धरते. रोमन माणसाच्या दृष्टीने यातला जास्त सोयीचा पाहुणा कोणता?

आणि शुद्धतेचा आग्रह धोरणात उतरतो तेव्हा काय होते, हेही इटलीने पाहिले आहे. २००९ च्या सुरुवातीला तस्कनीतल्या लुक्का शहराने जुन्या तटबंदीच्या आत 'परदेशी वळणाच्या' नव्या खाद्यगृहांना बंदी केली. कारण शहराची संस्कृती जपायची. व्यवहारात ती बंदी कबाबच्या गाड्यांवर आणि दुकानांवर आली. गाळ्यांच्या भाड्यांना तिने हातही लावला नाही. याच्या वर्षभर आधी, २००८ मध्ये, 'गाम्बेरो रोस्सो' या मान्यवर इटालियन प्रकाशनाने रोममधला उत्तम कार्बोनारा निवडला. पहिला आला तो ट्युनिशियातून सतराव्या वर्षी आलेल्या आणि दीड वर्ष भांडी घासून स्वयंपाकाला लागलेल्या आचाऱ्याचा. दुसऱ्या क्रमांकाच्या रेस्तराँचा मुख्य आचारी भारतीय होता. रोमन स्वयंपाकघरांत इजिप्शियन, बांगलादेशी, फिलिपिनो माणसे कामाला आहेत हे तिथे सर्वांना ठाऊक आहे. पास्ता अस्सल असायचा तर करणाऱ्याचे आजोळ तपासायचे काय? काचेआड बसवायला मात्र पांढऱ्या केसांची, आजीसारखी दिसणारी बाईच हवी असते. या निवडीतला खोटेपणा मला सायीपेक्षा कितीतरी जास्त खटकतो.

मग उरतो तिसरा, सर्वांत जड मुद्दा: गाव रिकामे होण्याचा. त्याचा संबंध ताटाशी कमी आणि ताटावरच्या मजल्यांशी जास्त आहे. मध्य रोमच्या इमारतींच्या दाराशी, गजांना आणि कठड्यांना, आकडे फिरवून उघडायच्या किल्ल्यांच्या छोट्या पेट्या लटकत असत; पाहुणा मालकाला न भेटता किल्ली काढतो आणि चार दिवस राहून जातो. नोव्हेंबर २०२४ मध्ये इटलीच्या गृहखात्याने पाहुण्याची ओळख समोरासमोर पटवण्याची सक्ती केली, आणि त्याच सुमारास रॉबिन हुडच्या टोप्या ठेवून काही कार्यकर्त्यांनी रोममध्ये अशा पेट्या निकामी केल्या. माझ्या मते या वादातले सर्वांत नेमके कृत्य तेच होते, कारण त्यांनी पेकोरीनो की पार्मेझान हे न विचारता भाड्यावर बोट ठेवले.

शेवटच्या दिवशी मी पँथिऑनजवळच्या अशाच एका काचेच्या रेस्तराँत जेवलो. तालियातेल्ले चांगले होते. पट्टीला दाताखाली थोडा चिवटपणा होता आणि बिलात न मागितलेले काही नव्हते. वेटर बांगलादेशातला होता आणि त्याला हिंदी येत होते. साडेतीनच्या सुमारास गर्दी ओसरली तेव्हा काचेआडची बाई उठली, तिने फळीवरचे पीठ खरवडीने गोळा केले आणि काच आतून ओल्या फडक्याने पुसली. त्या वेटरला मध्ये घालून मी तिला विचारले, आपण राहता कुठे? "अनान्यीना," ती म्हणाली. "मेट्रोचे शेवटचे स्टेशन," त्याने सांगितले. तो स्वतः तोर पिन्यात्ताराला राहत होता, चार जणांत एक घर. या इमारतीत वर कोण राहते, असे मी विचारल्यावर तो हसला आणि त्याने दाराबाहेरच्या गजाकडे बोट केले. तिथे किल्ल्यांच्या सहा पेट्या होत्या.